विश्वाची कड: कुठपर्यंत दिसतं आणि तिथेच का थांबतं

प्रश्न असे आहेत: विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं असेल, तर दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं कशी? महास्फोट नेमका कुठे झाला? त्याआधी काय होतं? कडेच्या पलीकडे काय आहे, आणि आणखी मोठी दुर्बीण बांधली तर ते दिसेल का?

यातले बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी अडतात: ‘कड’ आपण कशाला म्हणतो? माझी पंचवीस वर्षं दीर्घिकांचे वर्णपट काढण्यात, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून बघण्यात गेली, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

दूरच्या दीर्घिकेपर्यंत कुणी टेप लावत नाही. हाती येतो तो फक्त प्रकाश, आणि तोही इतका थोडका की मोठ्या आरशाखाली तासभर थांबावं तेव्हा काहीतरी ओळखू येईल असं उमटतं. त्यात मी सगळ्यात आधी कॅल्शियमची जोडी शोधते. प्रयोगशाळेत या दोन काळ्या रेषा ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर बसतात. समजा दीर्घिकेच्या वर्णपटात तीच जोडी ४३२.७ आणि ४३६.५ वर सापडली, तर प्रत्येक तरंगलांबी १.१ पट झाली आहे. याला ताम्रसृती ०.१ म्हणायचं. तो प्रकाश निघाला त्याला साधारण १३० कोटी वर्षं झाली.

जोडी महत्त्वाची. एकट्या रेषेवर भरवसा ठेवू नये, हे मी फजिती करून घेऊन शिकले. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एका वर्णपटात ५५७.७ नॅनोमीटरवर टोकदार, एकुलती एक रेषा दिसली. हायड्रोजनची लायमन-आल्फा रेषा मुळात १२१.६ वर असते. भागाकार केला, ताम्रसृती आली ३.५९. म्हणजे १२०० कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश! दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पडद्याकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाले, “अगं, हा आपल्याच आकाशातला ऑक्सिजन.” वातावरणात शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू रात्रभर मंद हिरवे चमकत असतात, बरोबर ५५७.७ वर. आकाशाचा उजेड वजा करताना माझा हात थोडा तोकडा पडला होता, आणि ते उरलंसुरलं मी विश्वाच्या बाल्यावस्थेतलं समजून बसले होते.

आता मुद्द्यावर येते. दीर्घिका पळते आहे आणि म्हणून तिचा प्रकाश तांबडा होतो, असं शाळेत सांगतात. जवळच्या दीर्घिकांसाठी ते चालून जातं. पण मुळात घडतं ते असं: प्रकाश वाटेत असताना त्याच्या खालची जागाच ताणली जाते, आणि जागेबरोबर तरंगही. ताम्रसृती ३.५९ म्हणजे ‘विश्व तेव्हापासून ४.५९ पट ताणलं गेलं’. वेग हा या मापाचा लावलेला अर्थ आहे, माप नव्हे. अलेक्झांडर फ्रिडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून हे ताणणं कागदावर काढलं, जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ते दीर्घिकांशी जोडलं, आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांनी अंतर आणि ताम्रसृती यांचा आलेख छापला. त्या आलेखातल्या बऱ्याचशा ताम्रसृती व्हेस्टो स्लायफर यांनी वर्षानुवर्षं थंडीत बसून मोजलेल्या होत्या. वर्णपटवाल्यांचं नाव असं मागे पडतं, एवढं नमूद करून पुढे जाते.

विश्वाचं ताणणं समजावायला फुगणाऱ्या फुग्यावरच्या ठिपक्यांचं उदाहरण देतात, ते मी हल्ली देत नाही. ऐकणारा लगेच फुग्याच्या मध्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, फुंकर कोण मारतंय? त्यापेक्षा संख्यांची रेषा घ्या: …, −२, −१, ०, १, २, …, दोन्ही बाजूंना न संपणारी. आता प्रत्येक संख्येची दुप्पट करा. १ वरचा माणूस २ वर गेला, २ वरचा ४ वर, ३ वरचा ६ वर. प्रत्येकाला आपले शेजारी दुप्पट दूर गेलेले दिसतील, आणि जो जितका लांब होता तो तितका जास्त सरकलेला. शून्यावर बसलेल्याला वाटेल मध्य आपणच. पण ७ वर बसलेल्यालाही अगदी हेच दिसेल. रेषा आधीही अनंत होती, नंतरही अनंतच आहे. ती कशाच्या ‘आत’ फुगली नाही, तिला बाहेरची जागा लागलीच नाही. महास्फोट कुठे झाला याचं उत्तर यातच आहे: सगळीकडे. तुम्ही बसला आहात ती जागाही त्यात होती.

‘महास्फोट’ या शब्दानेच अर्धा घोळ केला आहे. इंग्रजीतलं ‘बिग बँग’ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलं. त्यांना स्वतःला हा सिद्धांत मान्य नव्हता. मराठीत तर त्याचा थेट ‘स्फोट’ झाला आणि डोळ्यांसमोर बाँब आला: मधे ठिणगी, भोवती रिकामी खोली. तशी खोली नव्हती. होतं ते असं की सगळी जागा तापलेल्या, दाट द्रव्याने ठासून भरलेली होती आणि ती एकाच वेळी सर्वत्र ताणली जात होती.

वयापेक्षा अंतर जास्त कसं, याचा हिशेब आता करता येतो. आपल्यापर्यंत पोहोचणारा सगळ्यात जुना प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय ३,८०,००० वर्षं होतं. ज्या द्रव्यातून तो निघाला, ते द्रव्य त्या क्षणी आपल्या जागेपासून फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होतं. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, त्याच्या साधारण सतरा पट, बस्स. तरीही हा प्रकाश यायला १३८० कोटी वर्षं लागली, कारण मधली जागा त्याच्या चालण्यापेक्षा वेगाने वाढत होती. सुरुवातीला तर तो आपल्याकडे तोंड करून चालत असूनही आपल्यापासून लांब जात होता. पुढे ताणण्याचा वेग मंदावला तेव्हा कुठे त्याची सरशी झाली. आणि ज्या द्रव्याने त्याला सोडलं ते इतक्या काळात वाहत वाहत ४५०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे गेलं. वय, प्रकाशाने घालवलेला काळ, तेव्हाचं अंतर आणि आजचं अंतर, ही चार वेगळी मापं आहेत. बातम्यांत ती सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात. खरी मेख तिथे आहे.

पण तो प्रकाश ३,८०,००० वर्षांचाच का? त्याआधीचा का नाही? मला स्वतःला या विषयात सगळ्यात आवडणारा भाग हा आहे.

सूर्याकडे बघा, म्हणजे नीट गाळणी लावून. त्याला कडा आहे, पृष्ठभाग आहे असं वाटतं. प्रत्यक्षात सूर्य वायूचा गोळा आहे, तिथे हात टेकवायला काही नाही. जिथपर्यंत वायू पारदर्शक आहे तिथपर्यंत नजर जाते, त्याखाली अपारदर्शक होतो, आणि त्या सीमेला आपण पृष्ठभाग म्हणतो. विश्वाचंही तसंच आहे. सुरुवातीच्या तापलेल्या विश्वात इलेक्ट्रॉन सुटे होते. सुटा इलेक्ट्रॉन प्रकाशाला धड चार पावलं सरळ जाऊ देत नाही. विश्व ताणून थंड झालं, इलेक्ट्रॉन प्रोटॉनला चिकटले, हायड्रोजनचे अणू बनले, आणि वाट मोकळी झाली. हे घडलं साधारण ३००० केल्विन तापमानाला.

हा ३००० चा आकडा मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणातून येतो (किती तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात ते हे समीकरण सांगतं), आणि तो पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तापमानात सांगायचं तर दीड लाख केल्विनच्या घरात. मग विश्व एक लाखावर आलं तेव्हाच अणू का टिकले नाहीत? कारण गर्दी. विश्वात दर प्रोटॉनमागे शंभर कोटींहून जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आहेत. सरासरी फोटॉन दुबळा झाला, तरी इतक्या मोठ्या जमावात जोरकस असे थोडे निघतातच, आणि बनलेला अणू फोडायला ते थोडेही पुरतात. म्हणून तापमान पार ३००० पर्यंत उतरावं लागलं. साहांनी हे समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांसाठी लिहिलं होतं. तेच पुढे सगळ्या विश्वाच्या पारदर्शक होण्याला लागू पडलं, यापेक्षा मोठी दाद मला सुचत नाही.

मोकळा झालेला तो प्रकाश तेव्हा नारिंगी असणार. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट ताणलं, तरंगही ताणले, आणि तापमान उरलं २.७२५ केल्विन. १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलला आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती, ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर. दिवसा, रात्री, आकाशात कुठेही रोख धरला तरी सारखीच. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. ती घालवली, विष्ठा खरवडून काढली, खरखर तशीच. तीच ही विश्वाची पहिली मोकळी झळाळी. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी तिचं भाकीत १९४८ मध्येच केलं होतं, पण शोधणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. यासाठी दूर कुठे बघायलाही नको. तुमच्या समोरच्या हवेतल्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये या क्षणी त्या काळातले सुमारे ४०० फोटॉन आहेत.

तेव्हा पहिली ‘कड’ ही: अपारदर्शक भिंत. ती जागेत नाही, काळात आहे. ४५०० कोटी प्रकाशवर्षांवर आज कुणी राहत असेल, तर त्याच्याभोवती आपल्यासारख्याच साध्या दीर्घिका असतील. आणि त्याने आपल्या दिशेला बघितलं, तर त्याला आपल्या जागेवर तीच ३००० केल्विनची भिंत दिसेल.

‘प्रकाश वाटेत नुसता थकत असेल, विश्व ताणत नसेलच’, ही शंका दर काही महिन्यांनी कुणीतरी काढतं. शंका रास्त आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्येच ती मांडली होती. पण थकलेला प्रकाश तांबडा होईल, घड्याळ हळू चालवणार नाही. ताम्रसृती १ असलेल्या अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन झळाळणाऱ्या ताऱ्याचा उजेड मावळायला जवळच्या तशाच ताऱ्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे मोजून झालं आहे. शिवाय दूरच्या वायुमेघांतल्या रेणूंवरून तिथलं त्या वेळचं पहिल्या झळाळीचं तापमान काढता येतं. ते आजच्यापेक्षा जास्त भरतं, आणि ताणण्यातून यावं तितकंच भरतं. हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी वर्षानुवर्षं महास्फोटाला विरोध केला. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या सिद्धांताची, सुधारित आवृत्तीही मांडली. पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही, असं माझं मत आहे. पण ‘ज्या क्षणी समीकरणं मोडतात त्या क्षणाला आरंभ म्हणून गप्प बसायचं का?’ हा त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

कारण दुसरी कड तीच आहे. काळ मागे फिरवत नेला की पहिल्या काही मिनिटांपर्यंत आपण भरवशाने चालतो. त्या मिनिटांत शिजलेलं हेलियम वस्तुमानाने पाव हिस्सा असायला हवं, आणि विश्वातल्या सगळ्यात जुनाट, कमी मिसळलेल्या वायूत ते तितकंच सापडतं. त्याच्या मागे, सेकंदाच्या अगदी बारीक अंशात, विश्व अफाट वेगाने फुगलं असावं, ही ॲलन गुथ यांची १९८० ची कल्पना. तिच्या बाजूने बरंच काही आहे, पण शिक्का बसलेला नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या चमूने शिक्का सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी प्लँक उपग्रहाच्या चमूबरोबर एकत्र विश्लेषण झालं, तेव्हा तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. माझ्या ऑक्सिजनच्या रेषेची मला तेव्हा फार आठवण झाली. आणखी मागे गेलं, सेकंदाचे एकावर त्रेचाळीस शून्यं इतके भाग केल्यावरच्या एका भागापाशी, की गुरुत्वाकर्षणाचं आपलं गणितच लागू राहत नाही. घनता अनंत येते. अनंत आलं की निसर्गात काही अनंत होतं असं नव्हे, समीकरणाने हात टेकले असं समजावं.

त्याआधी काय? ‘उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय असतं?’ असं उलट विचारून लोकांना गप्प करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. काळाचा आरंभ ध्रुवासारखा गुळगुळीत बंद होतो, हा जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांचा १९८३ चा एक प्रस्ताव आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. आधी आकुंचन पावणारं विश्व होतं, असाही प्रस्ताव आहे. निवाडा करणारं निरीक्षण आज कुणापाशीच नाही. आपल्याखेरीज आणखी विश्वं असावीत या कल्पनेबद्दलही माझं म्हणणं तेवढंच: कुठल्या वर्णपटात, कुठल्या नकाशात त्याची खूण शोधायची ते सांगा, मग बोलू.

कडेपलीकडे काय, याचं उत्तर तुलनेने सरळ आहे: आणखी दीर्घिका. विश्व सान्त की अनंत, यावर मोजमाप करता येतं. त्या पहिल्या प्रकाशाच्या नकाशावर तापमानात लाखात एखादा भाग इतक्या फरकाचे डाग आहेत. त्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रातून काढता येतो, आणि आकाशात ते सुमारे एक अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट दिसतात. डागाची दोन टोकं आणि आपण, एवढा मोठा त्रिकोण हाती आल्यावर त्याच्या कोनांची बेरीज १८० भरते का ते तपासता येतं. भरते, हजारात काही भागांच्या आत. जागा सपाट आहे. पण सपाट म्हणजे अनंत नव्हे. कागद सपाट असला, तरी उजव्या कडेवरून बाहेर पडणारा डावीकडून आत येईल अशी जागा गणितात असू शकते. तसं असतं तर नकाशात एकसारखी वर्तुळं दोन ठिकाणी दिसली असती. शोधली, सापडली नाहीत. तेव्हा विश्व अशा रीतीने गुंडाळलेलं असलंच, तर आपल्या नजरेच्या आवाक्यापेक्षा मोठ्या मापात.

तिसरी कड भविष्याकडची आहे, आणि ती थोडी उदास करणारी आहे. १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या दोन चमूंना विश्वाचं ताणणं वाढत्या वेगाने होताना दिसलं. त्यामुळे आज साधारण १६००–१७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्याला कधीच गाठणार नाही. ताम्रसृती १.८ च्या पुढच्या दीर्घिका मी नेहमी बघते. बघते ते त्यांचं जुनं पत्र आहे, नवं येणार नाही. यात एक अट मात्र आहे: वेग वाढवणारी ती कृष्ण ऊर्जा कायम राहिली तर. पाच हजार तंतूंनी एका वेळी वर्णपट घेणाऱ्या ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती मंदावत असल्याची कुणकुण आहे. मी अजून पैज लावणार नाही. ताणण्याच्या आजच्या वेगाचाही वाद मिटलेला नाही: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला किती किलोमीटर? जुन्या प्रकाशाच्या नकाशातून ६७ येतात, जवळच्या ताऱ्यांवरून ७३. मोजणीतल्या चुकांच्या अंदाजात हा फरक बसत नाही.

राहिला मोठ्या दुर्बिणीचा प्रश्न. भिंत तिने मागे सरकणार नाही. तिच्या पलीकडून न्यूट्रिनो आणि गुरुत्वीय लहरी येऊ शकतात, प्रकाश नाही. जेम्स वेब दुर्बीण आताच विश्वाच्या पहिल्या ३० कोटी वर्षांतल्या दीर्घिका दाखवते आहे. भिंत आणि त्या दीर्घिका यांच्या मधे जो अंधारा पट्टा उरतो, त्यात बराच काळ तारेच नव्हते, मुख्यतः हायड्रोजन होता. तो २१ सेंटिमीटरवर, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झला, अगदी क्षीण रेडिओलहरी देतो. पहिले तारे पेटायच्या सुमाराचा हा संकेत चौदा-पंधरा पट ताणून आपल्याकडे येतो तेव्हा शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, नेमका एफएम रेडिओच्या पट्ट्यात बसतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस या उपकरणाने ७८ मेगाहर्ट्झवर तो सापडल्याचं म्हटलं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या चमूने आपली सारस-३ अँटेना तराफ्यावर चढवून तलावात नेली, कारण जमिनीतून परत येणाऱ्या लहरी मोजणी बिघडवतात आणि खाली एकसारखं पाणी असलं की तो हिशेब सोपा होतो. २०२२ मध्ये त्यांनी कळवलं की तसा संकेत त्यांना दिसत नाही. म्हणून आता या कामासाठी चंद्राच्या पाठीमागची बाजू मागितली जाते आहे. पृथ्वीवरची एफएम केंद्रं तिथे ऐकू येत नाहीत.